मधली भैरवी

संस्कृत साहित्यशास्त्रात ‘कविसमय’ नावाची एक रमणीय कल्पना आहे. चकोर चांदणे पितो, कीर्ती शुभ्र असते, रमणीच्या पदाघाताने अशोक बहरतो. या गोष्टी कोणी पाहिलेल्या नसतात. तरी कवी त्या लिहितो आणि रसिक त्या आनंदाने मान्य करतो. दोघांमधला तो एक मूक करार असतो. असा करार पाळणाऱ्याला आपण सहसा गतानुगतिक म्हणून बाजूला सारतो. परंतु संकेताचे प्रयोजन ओळखून त्याच्यावर निष्ठा ठेवणे, प्रसंगी त्याला नवी जागा करून देणे, पण त्याचा त्याग न करणे, याला फार मोठा आत्मविश्वास लागतो. ही संकेतनिष्ठा मी ज्याच्या ठायी पाहिली, तो कवी नव्हता आणि शास्त्रीही नव्हता. गंगाखेडला जळालेल्या पाणमोटारींत तांब्याची तार नव्याने भरून देणारा तो एक कारागीर होता, आणि त्याची उपासना होती रॉक संगीताची.

त्याचे नाव महारुद्र. उंच, किंचित वाकलेला, मानेवर रुळणारे केस आणि बोटांना कायम वार्निशचा वास. त्याचे वडील गावातील भजनी मंडळात पखवाज वाजवीत. मंडळाचे प्रमुख बापू हे त्याचे सख्खे चुलते. टाळ-मृदंगाचा नाद पाळण्यापासून कानांवर पडलेला हा मुलगा तारुण्यात वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीला गेला. तिथे खोलीतला सोबती नागालँडचा होता आणि त्याच्यापाशी गिटार होती. वडील गेल्यावर महारुद्र गावी परतला तो ते वाद्य शिकून.

साखर कारखान्याच्या रस्त्याला त्याने दुकान थाटले. विजेच्या गिटारीत तारांखाली लोहचुंबकाभोवती तांब्याच्या अतिसूक्ष्म तारेचे वेटोळे असते. तारेचा कंप तेच टिपते. महारुद्राने ही वेटोळी स्वतः गुंडाळली. दिवसभर ज्या हातांनी शेतकऱ्यांच्या मोटारी भरायच्या, त्याच हातांनी संध्याकाळी गिटारीला कंठ द्यायचा, यात त्याला काही विशेष वाटत नसे. “मोटार काय अन् गिटार काय,” तो म्हणे, “तार नीट भरली की बोलतीया.”

रॉकचे संकेत तो एखाद्या व्रतासारखे पाळी. सदरा काळा. आरंभी ड्रम वाजवणाऱ्याने दोन काठ्या एकमेकींवर आपटून चार मात्रा मोजायच्या. गिटारीवर भरघोस स्वरमेळ नाही, केवळ षड्ज आणि पंचम, तेही यंत्राने खरखरीत केलेले. गीत संथ सुरू व्हायचे आणि मग कडाडायचे. मध्ये एकट्या गिटारीचा विस्तार, त्या वेळी वादकाने रंगमंचाच्या काठाशी येऊन समोरच्या ध्वनिपेटीवर एक पाय ठेवायचा. ऐकणाऱ्यांनी ठेक्यावर माना हलवायच्या.

वैशाखातही तो काळा सदरा घाली, तेव्हा त्याची आई चांगुणाबाई विचारी, “कुणाचं सुतक पाळायलास रे बाबा?”

“सुतक न्हाई आई, हे आमचं सोवळं हाय.”

“सोवळ्याला एवढा घाम येत न्हाई.”

भजनी मंडळाच्या सभागृहावर एक रिकामी खोली होती. तिथे महारुद्र गावातल्या मुलामुलींना शिकवू लागला. येणाऱ्यांत बहुतेक जण पोलीसभरतीची तयारी करणारे होते. पहाटे मैदानावर धावायचे, दुपारी अभ्यासिकेत बसायचे आणि परीक्षेची तारीख पुढे गेल्याची बातमी फोनवर वाचायची, असे त्यांचे आयुष्य. योगीराज हा त्यांच्यापैकीच एक. तो ड्रम वाजवी. गाणारी निकिता महाविद्यालयात शिकत होती. तिचा गळा आजीच्या भजनांत घडलेला होता.

या मुलांना या संगीतात काय सापडते, असे मी एकदा महारुद्राला विचारले. सगळ्यांचा वेश सारखा, आविर्भाव सारखे, मग यात बंडखोरी ती कोणती?

तो हसला. “सर, पोरगं एकटं संतापलं की घरचे म्हणतात, याचं डोकं फिरलंय. पन्नास पोरांनी एका ठेक्यावर मान हलवली की त्याला कार्यक्रम म्हणतात. राग सगळ्यांनाच येतो. तो कुठं उभा करायचा, ते ठरलेलं असलं म्हंजी बरं.”

नाट्यशास्त्रात भरतमुनींनी रौद्राला रसांच्या पंक्तीत बसवले, त्यामागे यापेक्षा वेगळा विचार असेल असे मला वाटत नाही. अनुभाव, म्हणजे भाव प्रकट करण्याच्या खुणा, निश्चित असल्याविना क्रोध हा नुसता क्रोधच राहतो, त्याचा रस होत नाही. ज्या वयात माणसाला स्वतःचा आकार सापडलेला नसतो, त्या वयात असा बांधलेला, सर्वांना ठाऊक असलेला आकार हे फार मोठे आश्रयस्थान असते. काळा सदरा अंगात घातला की त्या मुलाला कोणी ओळखपत्र विचारीत नाही.

परंतु खालच्या सभागृहातल्या मंडळींना हा आश्रय वरून कोसळणारा वाटे. तक्रारी वाढल्या. खोली काढून घ्यावी, असे मंडळातल्या बहुतेकांचे मत पडले. गावात दुसरी अशी जागा नव्हती, आणि घराघरांतून हा आवाज खपणारा नव्हता. खोली गेली असती तर शिकवणेच थांबले असते. अखेरीस बापूंनी महारुद्राला बोलावले. योगीराजही सोबत गेला.

“मंडळाचा वर्धापनदिन हाय. चार वाजता तुमचा कार्यक्रम ठेवतो,” बापू म्हणाले. “लोकांनी ऐकून घेतलं तर खोली तुमची. मधीच उठून गेले, तर दुसऱ्या दिवशी किल्ली माघारी.”

“चालतंय, बापू.”

“ऐक अजून. गाणं मराठीत पाहिजे. काय म्हणायलेत ते आमाला कळलं पाहिजे. स्टेजवर चपला-बूट न्हाई. अन् त्या आवाजाच्या पेटीवर पाय ठेवतोस म्हणं तू? दसऱ्याला हळदकुंकू लावतो रे आपण तिला.”

योगीराजचा चेहरा पडला. अनवाणी रॉक त्याने कधी ऐकले नव्हते. पायऱ्या उतरताना तो महारुद्रापाशी कुरकुरला, “सर, आता नारळ पण फोडायला लावतील.”

“फोडू की. तू ड्रमवर फोडू नको म्हंजी झालं.”

महारुद्राने सुताराकडून बाभळीचा एक ठोकळा करून आणला. पाय ठेवायचा तो ठोकळ्यावर. ध्वनिपेटीचा मान राहिला आणि काठाशी येऊन पाय उंचावण्याचा संकेतही राहिला. गीतांसाठी निकिताने मराठी शब्द लिहिले. त्यांच्या सर्वांत जड, खर्जात गरजणाऱ्या गीताला तिने भरतीच्या तारखांचे शब्द दिले: ‘तारीख पुन्हा पुढे गेली, आम्ही इथेच उभे.’ ही चाल महारुद्र वाळूजपासून वाजवीत आला होता. तोवर ती केवळ वाजे. गळ्यावर ती प्रथमच चढली.

वर्धापनदिनी सभागृह भरले. पुढे सतरंजीवर टोप्या आणि फेट्यांची रांग, मध्यभागी बापू. मागे उभी असलेली काळ्या सदऱ्यांतली मुले. रीतीप्रमाणे दीपप्रज्वलन झाले, नारळही फुटला. अनवाणी योगीराजने काठ्या आपटून चार मात्रा मोजल्या आणि पहिले गीत सुरू झाले. पुढच्या रांगेतल्या दोघांनी कानांवर हात ठेवले, परंतु कोणी हलले नाही. दुसऱ्या गीतात बापू मांडीवर बोट आपटू लागले. मागच्या भिंतीपाशी एका मुलाने दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

तिसरे गीत भरतीचे. निकिताने संथपणे उचलले. यंत्राचा खरखराट अजून सुरू झाला नव्हता. गिटारीचे दोनच स्वर आणि त्यावर तिचा तो भजनात मुरलेला आवाज. पहिले कडवे संपले, आणि बापूंनी भुईला हात लावून तो कपाळी नेला. शेजारच्या पखवाजियाने टोपी सारखी केली. एकेक करून सारी रांग उठली. कोणी टाळांची पिशवी खांद्याला लावली, कोणी दाराशी जाऊन चपला शोधू लागले.

योगीराजचा ठेका अडखळला. निकिताचा स्वर अर्ध्यावर थांबला. बापू उठले होते. आता खोली गेली, हे सभागृहातल्या प्रत्येक मुलाला कळले. मागून कोणीतरी संतापाने म्हणाले, “अरे, निदान पुरं तर ऐका!”

महारुद्राने तळवा तारांवर ठेवून आवाज बंद केला. तो घाबरला नव्हता. त्याची नजर बापूंच्या हाताकडे गेली होती. रागावून निघालेला मनुष्य भुईला नमस्कार करीत नाही.

“बापू,” त्याने माईकवरूनच विचारले, “निघालात?”

“मग? झालं की,” बापू दारातून म्हणाले. “भैरवी म्हणली पोरीनं. लय शुद्ध म्हणली. आता आणखी काय बसायचं?”

“कोणती भैरवी?”

“आता म्हणली ती! मलाच विचारायलास का?”

महारुद्राने खरखराटाचे यंत्र बंद केले आणि तीच चाल एकेका तारेवर, स्वच्छ, हळू वाजवून पाहिली. कोमल रिषभ, कोमल गांधार. मैफलीची आणि भजनाची सांगता ज्या स्वरांनी करायची, तेच स्वर रॉकमधल्या जडातल्या जड गीतांना प्रिय असतात. बापाच्या मांडीवर बसून भैरवी ऐकलेल्या या माणसाने ती चाल इतकी वर्षे बोटांनी वाजवली होती. कानाने ती आज ऐकली. मराठी शब्दांची अट बापूंनीच घातली नसती, तर ती कोणालाही ओळखू आली नसती.

तो मोठ्याने हसला. “लेका योगीराज, आपण आजवर भैरवी वाजवायलोत!” मग हात जोडून म्हणाला, “बापू, बसा. अजून संपलं न्हाई. आमच्यात ही मधी असती.”

“मधी?” बापू उंबऱ्यातच वळले. “मग शेवटाला काय लावता?”

उत्तर योगीराजने दिले. “शेवटाला सगळे एकदमच लावतो, बापू. जे हाताला येईल ते.”

सभागृहात हशा पिकला. चांगुणाबाई स्त्रियांच्या रांगेतून ओरडल्या, “बसा हो भावजी, पोरगं एवढं घामानं भिजलंय!” बापू माघारी आले आणि आपल्या जागी बसले. मग पखवाजिया बसला, आणि पाठोपाठ बाकीची रांग. महारुद्राने काठाशी येऊन बाभळीच्या ठोकळ्यावर पाय ठेवला. निकिताने तेच कडवे पुन्हा उचलले, आणि यावेळी ती भैरवी कडाडली. मागची मुले माना हलवू लागली. पुढची रांग ताठ बसून मोठ्या कुतूहलाने तिच्यातला षड्ज शोधीत होती.

अखेरचे गीत आले. रॉकचा संकेत असा, की समाप्ती लांबवायची. साऱ्या वाद्यांनी एका स्वरावर कल्लोळ मांडायचा, लय वाढवीत न्यायची आणि एका आघाताने थांबायचे. तो कल्लोळ सुरू झाल्यावर पखवाजियाने बापूंच्या कानाशी वाकून सांगितले, “हा तर गजर हाय आपला.” त्याने पिशवीतून टाळ काढले होते. वाजवले मात्र नाहीत. हातात धरून ठेवले.

कार्यक्रमानंतर मंडळातल्या एका सदस्याने अटीची आठवण करून दिली. लोक मध्येच उठले होते, हे साऱ्यांनी पाहिले होते.

“उठले,” बापू म्हणाले, “पण नमस्कार करून उठले. असं उठलेलं गेल्यात धरत न्हाईत.” आणि किल्ली त्यांनी महारुद्राच्याच हाती ठेवली.

पुढे त्या खोलीत पूर्णेहून रेल्वेने आणि जिंतूरहून एसटीने मुले येऊ लागली. योगीराज भरती झाला आणि सुटीला आला की अजूनही ड्रमवर बसतो. खाली भजन आणि वर रॉक यांच्या वेळा वाटून घेतल्या गेल्या. त्यावरून भांडणेही झाली, आणि ती मिटली. अनवाणी वाजवणे हा तर त्या खोलीचा नियमच झाला. बाहेरगावच्या स्पर्धेत ही मुले बूट काढून रंगमंचावर चढली, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांना तो काही नवा, विलक्षण रॉक संकेत वाटला.

गेल्या वर्षी ऐन हंगामात, दुकानात मोटार उघडून बसलेला असताना, महारुद्राचे हृदय थांबले. वय काही जाण्याचे नव्हते. तेराव्याच्या भजनाला काळ्या सदऱ्यांतली मुले आणि टोप्यांची रांग एकाच सतरंजीवर बसली होती. दुसऱ्याच अभंगानंतर बापूंनी भैरवी लावली. पखवाजिया चपापला आणि त्याने बापूंकडे पाहिले. बापूंनी हातानेच त्याला सांगितले, वाजव. भैरवी झाली, कोणी उठले नाही, आणि पुढचा अभंग सुरू झाला.

सभागृहावरची ती खोली आज चालू आहे. संध्याकाळी निकिता ती उघडते. आत महारुद्राने स्वतः तार भरलेल्या दोन गिटारी आहेत, एक ड्रम आहे आणि पाय ठेवायचा बाभळीचा ठोकळा आहे.