मेलेलं बटन

"कॉम्प्युटर दिला काय अन् टाइपरायटर दिला काय, कोट्यातून आलेली माणसं ही."

धुळ्यातल्या कॉलेजच्या ऑफिसात प्राचार्य हे बोलले. माझ्यासमोर. पण मला नव्हे, हेडक्लार्क नानांना. मी तिथे नव्हतेच जणू.

दारात भडगावची एक मुलगी उभी होती, सोबत तिची मजूर आई. डी.एड.च्या प्रवेशाची यादी मी शनिवारी टाइप केली, तेव्हा आठव्या नंबरावर त्या मुलीचं नाव होतं. चौकशीला आली, तेव्हा मीच तिला सांगितलं होतं. सोमवारी बोर्डावर यादी लागली. आठव्या नंबरावर संस्थाध्यक्षांची भाची.

मी नानांकडे पाहिलं. शनिवारी यादी त्यांनीच तपासली होती. आता ते खरं बोलतील.

"आमच्या या पोरीच्या हातून चूक झाली, साहेब," नाना म्हणाले. "त्या मुलीचं नाव पहिल्यापासूनच नव्हतं."



हेच नाना मला बेटी म्हणायचे. माझ्या डब्यातली भाकरी खायचे. खंडेनवमीला ऑफिसात कॉम्प्युटरची पूजा होती, तेव्हा एका कारकुनाने माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. नानांनी ते परत माझ्या हातात दिलं. "मशीन ती चालवस, पूजाबी तीच करी," म्हणाले. आमच्या घरात पूजा नाही. आजोबांनी बुद्धाला वंदन केलं आणि देव्हारा उचलून नदीत सोडला. तरी त्या दिवशी मी की-बोर्डाला कुंकू लावलं. नानांसाठी. घरी सांगितलं नाही. आज त्या कुंकवाची लाज वाटते.

नाना असंही म्हणायचे, "बेटी, आडनाव नको सांगत जाऊ कोणाला. नुसतं नाव पुरे." मला ती माया वाटायची. कॉम्प्युटरचा पासवर्डसुद्धा आम्हा दोघांनाच ठाऊक होता. मीच त्यांना दिला होता.

प्राचार्यांनी माझ्यापुढे टाइप केलेला कागद सरकवला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे चुकीची माहिती दिली गेली.' खाली सहीची जागा. "उद्यापर्यंत सही पाहिजे. नाहीतर येऊ नका."

संध्याकाळी एसटीने सोनगीरला घरी आले. बाबांना सांगताना रडले. बाबा उठले, भिंतीवरची पिशवी काढली आणि त्यातून एक घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला.

मी पार विसरले होते.

बाबांनी कॉम्प्युटर कधी पाहिला नव्हता. लेक दिवसभर कशासमोर बसते, त्यांना कळावं म्हणून शनिवारी मी स्क्रीनचंच चित्र काढून, छापून आणलं होतं. जुन्या मशीनवर प्रिंट स्क्रीनचं बटन दाबलं की प्रिंटर लगेच करकरायचा. नवं मशीन आलं आणि बटन दाबून काहीच होईना. "ते बटन मरेल शे," नानांनी जाहीर केलं, सगळ्या ऑफिसाने मान डोलावली. मी मात्र एकदा चुकून चित्रं काढायच्या पेंटमध्ये पेस्ट केलं, तर अख्खी स्क्रीन तिथे हजर. बटन मुकाट्याने चित्र उचलून ठेवत होतं.

त्या कागदावर यादी होती. आठवा नंबर, भडगावची मुलगी. बाजूला उघडलेलं कॅलेंडर. यात तारीखही दिसते, हे बाबांना दाखवायला मी ते उघडलं होतं. शनिवारची तारीख.

सकाळी आधी झेरॉक्स काढली. धुळ्याच्या स्टँडवर, पुन्हा चौकशीला आलेल्या त्या मायलेकी भेटल्या, प्रत त्यांच्या हातात दिली. मग ऑफिसात जाऊन कागद टेबलावर ठेवला.

प्राचार्यांनी पाहिला. "चित्र आहे हे. चित्र कोणीही काढतं."

"काढून दाखवा," मी म्हणाले. "मशीन समोर आहे."

नानांनी कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. नानांचा चेहरा उतरला. "हाई कसं काढं तू?"

"तुम्ही मेलेलं म्हणालात ना, त्या बटनाने."

"बेटी..."

"बेटी म्हणू नका."

प्राचार्य ओरडले, "सही करा, नाहीतर निघा!"

नोकरी गेली, हे मला तेव्हाच कळलं. रडू आलं नाही. माफीनामा पुढे ओढला. त्यातल्या ओळींवर आडवी रेघ मारली आणि खाली पेनाने लिहिलं: 'नाव यादीत होतं. नंतर काढलं. त्या मुलीच्या बाजूने, जिथे बोलवाल तिथे, मी साक्ष देईन.'

मग सही केली. आडनाव आधी लिहिलं. मोठ्या अक्षरात.