मोडणाऱ्याचे स्टूल

एक विचारतो, सरळ उत्तर द्या. नियम करणाऱ्यानेच नियम मोडला, तर त्याला शिक्षेला कोणी बसवायचे?

आमच्या बालसंग्रहालयात हा प्रश्न खरोखर उभा राहिला. नाशिकच्या द्वारका चौकालगत एका रिकाम्या गोदामात ते सुरू झाले, तेव्हापासून मी त्याचा कार्यवाह आहे. सकाळी पूजा आटोपून कुलूप मीच काढतो. अशा ठिकाणी वस्तू जमतात तसे किस्सेही जमतात. वस्तूंना कपाटे आहेत. किश्शांना नाहीत, म्हणून सांगून टाकतो.

*

संग्रहालय उभे केले मालतीबाईंनी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या आणि घरोघर जाऊन जुन्या वस्तू मागू लागल्या. एका सद्गृहस्थांनी काचेचे कपाट दिले. बाईंनी आभार मानले आणि सुताराकडून काचा काढून घेतल्या.

पाहणीला आलेल्या एका साहेबांनी विचारले, "हात लावू नये, अशी पाटी कुठे दिसत नाही?"

"मुलांना हात देवाने दिले आहेत," बाई म्हणाल्या. "ते बांधून ठेवायला आम्ही कोण?"

साहेब हात पाठीमागे बांधून उभे होते. त्यांनी ते सोडले.

*

हात लावला की वस्तू मोडणारच. म्हणून दाराशी एक बुटके टेबल, एक बुटके स्टूल आणि लाकूड चिकटवायच्या डिंकाची बाटली ठेवली आहे. वर पाटी आहे : 'मोडणाऱ्याने जोडावे. डिंक वाळेपर्यंत हाताने धरून बसावे. कोणी विचारल्यास खरे सांगावे.'

शेवटचे वाक्य आमचे अध्यक्ष आप्पासाहेब यांचे. "खरे बोलायची सवय इथेच लागली पाहिजे," असे म्हणून पाटीही त्यांनी स्वतः रंगवली.

एकदा एका मुलाने खेळण्यातल्या बैलगाडीचे चाक मोडले आणि तो स्टुलावर बसला. त्याची आई घाईत होती. "बाई, आम्ही नवीन गाडी आणून देतो ना. याचा अबॅकसचा क्लास आहे."

मुलगा चाक धरून म्हणाला, "मम्मी, तू जा क्लासला. माझं चाक वाळायचंय."

*

विंचूरच्या एका वृद्ध कांदा-व्यापाऱ्याने आपल्या लहानपणीचा लाकडी घोडा दिला. अट एकच. "पोरं बसली पाहिजेत. नुसता उभा दिसला, तर टेम्पोत घालून परत नेईन."

जाताना त्यांनी हळूच विचारले, "शेवटचं एकदा मी बसू का?"

"नको. पाय मोडेल."

"बाई, माझे पाय लोखंडी आहेत."

"घोड्याचा म्हणते मी."

सर्वांत मोठ्याने आप्पासाहेब हसले होते.

*

पेठकडच्या डोंगरातल्या एका आश्रमशाळेची मुले दरवर्षी येत. एका वर्षी सगुणा नावाची मुलगी आमच्या जात्यापुढे थबकली. "बाई, हे तं आमच्या घरी हाय. सूप हाय, उखळ पन हाय. मंग आमचं घर म्युझियम हाय का?"

"हो. आणि तुझी आई क्युरेटर."

"म्हंजी काय?"

"सगळं सांभाळते, आणि तिचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं."

*

त्याच संध्याकाळी घोड्याचा पुढचा पाय मोडलेला आढळला. स्टुलावर कोणी बसले नव्हते.

आप्पासाहेबांनी तातडीची सभा घेतली. "ती डोंगराकडची पोरं. त्यांना कशाची सवय? पुढच्या वर्षीपासून त्या शाळेला इथे बंदी."

"कोणी पाहिले?" बाईंनी विचारले.

"पाहायला कशाला पाहिजे?"

ठराव मंजूर झाला. विरोधात हात एकट्या बाईंचा होता.

निरोप पोहोचताच शाळेचे गुरुजी सगुणाला घेऊन एस.टी.ने आले. ती थेट टेबलाशी गेली. "घोडा म्या मोडला नाय. आमच्यातल्या कोनीच नाय. पन म्या जोडते. पोरांना येऊ द्या."

तिने बाटली उचलली. बाईंनी ती तिच्या हातून काढून घेतली.

"ज्याने मोडले नाही, तो इथे बसणार नाही. ज्याने मोडले, तो येईल. तोवर घोडा असाच राहील."

घोडा टेबलावर आडवा पडून राहिला. मुले विचारत, "हे कोण जोडणार?" बाई म्हणत, "यायचा आहे." सभासद कुरकुरले, आप्पासाहेबांनी नवा सागवानी घोडा देऊ केला. बाई हलल्या नाहीत.

मग एका रविवारी आप्पासाहेब नातीला घेऊन आले. पोर टेबलापाशी थांबली. "आजोबा, वाढदिवसाला फॅमिली ग्रुपवर टाकलेला तुमचा फोटो याच घोड्यावरचा ना? तुम्ही झाशीच्या राणीसारखे बसला होतात तो?"

गोदाम भरलेले होते. सगळ्यांनी ऐकले.

"त्याच दिवशी, पोरं गेल्यावर..." आप्पासाहेब म्हणाले आणि थांबले.

बाईंनी फक्त स्टूल पुढे ओढले. आप्पासाहेब बसले. गुडघे छातीला लागले. त्यांनी बाटलीकडे हात नेला.

"आज नाही," बाई म्हणाल्या. "पाहुणे आल्यावर."

बाईंनी आश्रमशाळेला फोन लावला. पुढच्या रविवारी मुले आली. आप्पासाहेब त्याआधीच स्टुलावर येऊन बसले होते. सगुणाने बाटलीचे झाकण काढले, घोड्याच्या पायाला डिंक लावला आणि तो पाय त्यांच्या हातात दिला.

"आजोबा, तुमी काय मोडलं?"

त्यांनी वर पाहिले. समोर स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती.

"घोडा."

"आन् नाव कोनाचं घेतलं?"

"तुमचं."

तिने मान हलवली आणि बाजूला झाली. तिच्या मागे आख्ख्या शाळेची रांग होती. पुढचा मुलगा स्टुलापाशी आला.

"आजोबा, तुमी काय मोडलं?"

डिंक केव्हाच वाळला. रांग संपेपर्यंत आप्पासाहेबांना हात काढता आला नाही.