ऐनाचे दोन फुटवे

नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याच्या चाळीत राहत होतो. रेशनचं घासलेट आठ दिवसांत संपायचं, की मग चूल. चुलीसाठी सरपण डोंगरावरच्या पाड्यातली एक वारली बाई डोक्यावरून आणायची. वयाने माझ्या आईएवढी. मी तिला मावशी म्हणायचे. गिरणी बंद होऊन दोनेक महिने झाल्यावर मी तिला दारातूनच सांगितलं, "मावशी, आता मोळी नको. नाही परवडत."

ती मोळी न उतरवता तशीच उभी राहिली. म्हणाली, "मंग माझ्यासंगं चल की. तुला हात नाय का?"

नवरा आतून ओरडला, "लाकडां तोडूक जातलंस? लोक काय म्हणतले?"

लोक काय म्हणतील ते ऐकायला मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मागोमाग डोंगर चढले.

पहिले काही दिवस तिने मला कोयता दिलाच नाही. फांदी वाकवून बघायला लावलं. कट् करून मोडली तर आपली, नुसती वाकली तर सोडून द्यायची. या वर्षी डोंगराच्या ज्या अंगाला गेलो तिकडे पुढच्या वर्षी जायचं नाही, असंही तिचं ठरलेलं असायचं. एका वळणावर ऐनाच्या झाडाचा जुना खुंट होता. त्याला फुटलेल्या धुमाऱ्यांतले दोनच तिने राखले होते, बाकीचे वेळच्या वेळी काढून टाकलेले. ते दोन आता माझ्या दंडाहून जाड, अगदी सरळसोट वाढले होते.

"लेकाच्या घराच्या खांबांना मेढी लागतील ना," ती म्हणाली. "अजून दोन पावसाळं जाऊ दे."

हळूहळू माझं बस्तान बसलं. चाळीतल्या दोन-तीन घरी मोळी द्यायला लागले, मग स्टेशनजवळच्या एका बेकरीतही. पण हाल काय आमच्याच घरी होते? आजूबाजूच्या चाळींतल्या बायकाही डोंगर चढू लागल्या. वर्षभरात खालच्या अंगाची सुकी लाकडं संपली. मावशी लांब, वरपर्यंत जायची आणि थोडंच आणायची. मला तेवढा धीर नव्हता.

एकदा ती तापाने पडली म्हणून मी एकटीच गेले. बेकरीवाल्याला दोन मोळ्या कबूल केल्या होत्या. दुपारपर्यंत भटकून अर्धी मोळीही होईना. परतताना तो खुंट लागला. मी पाणी प्यायले, इकडेतिकडे बघितलं आणि कोयता चालवला. दुसरा फुटवा तोडताना हात भरून आला, तरी थांबले नाही. कुणाचे आहेत ते मला ठाऊक होतं. अजाणता झालं असं मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आजही सांगणार नाही.

बेकरीवाल्याने ते हातात तोलून पाहिले. "अरे बाई, ये तो गीला है," म्हणत भिंतीला टेकवून ठेवले.

चार दिवसांनी मावशी औषध घ्यायला खाली उतरली, तेव्हा तिला ते तिथेच दिसले. ती सरळ माझ्या दारात आली.

"तू तोडलं?"

"हो."

ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "मला बोलली असतीस, बाय. पावसाळ्यासाठी सुकी लाकडं घरात रचून ठेवलीत. तीच दिली असती."

मी आत जाऊन पाणी आणलं. ती ते प्यायली आणि निघून गेली. त्यानंतर तिने मला कधी बरोबर नेलं नाही.

पुढे डोंगराची ती बाजू उघडी पडली. वनखात्याचे रखवालदार आले आणि सगळ्यांनाच अडवू लागले. त्यांना मावशी आणि आम्ही सारख्याच. तिचा कोयता त्यांनी काढून घेतला. मला त्याची झळ लागली नाही. तोवर नवऱ्याला वॉचमनची नोकरी लागली होती, घरात गॅस आला होता. मावशी एक दिवस दारात आली, ती रिकाम्या हातांनी.

"भांडी घासायचं काम मिळंल का कुठं?"

मी तिला नव्या बिल्डिंगमध्ये दोन घरं मिळवून दिली. दोन वर्षं ती रोज आमच्या चाळीवरून जायची. "बरी हाय ना?" एवढंच विचारायची. मीही "हो, मावशी" म्हणायचे. त्यापुढचं बोलणं रोज उद्यावर टाकायचे.

मग ती यायची बंद झाली. महिन्याभराने मी पाड्यावर गेले. सून बाहेर आली. म्हणाली, "सासू गेली. कावीळ झालेली." तिने मला बसायला दिलं आणि कोरा चहा केला. काय काम काढलंत, असं तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, काही नाही, सहज आले होते. चहा प्यायले आणि खाली उतरले.