चिनी सुनेचा चहा

"हिच्या पेल्यात चहा ओतू नका. हिच्या हातचं मी पिणार नाही."

काकू सरांना म्हणाल्या. मी समोरच होते. गुडघ्यांवर बसलेली, मान खाली, दोन्ही हातांत पेला.

सर म्हणाले, "तालीमच आहे. रिकामा धर गं."

मी धरला.

गिरगावातल्या हॉलमध्ये सर एका जुन्या चिनी नाटकाच्या मराठी तालमी घेत होते. सासू पेला घेईपर्यंत सुनेनं उठायचं नाही, असा त्यातला मोठा प्रवेश. काकू सासू. सून सुमनताई, कॉलेजात शिकणारी. मी कपडे शिवायची, हॉल झाडायची. सुमनताईला उशीर झाला की तिच्या जागी गुडघे टेकायची. चिपळूणकडच्या गावातून आलेली, घोडपदेवला मावशीकडे राहणारी मुलगी मी. सरांनी काम दिलं, हे उपकार मी रोज मनात मोजायची. काम सुटलं तर गावी परत. रोज तीच धास्ती.

आणि रोज सुमनताईचा हेवा. तिच्या पेल्यात वाफाळता चहा. काकू घोट घ्यायच्या, "गोड झालाय गं" म्हणायच्या. ती चुकली तरी सर हसायचे. तिच्यासाठी शिवलेला रेशमी झगा मी एकदा अंगाला लावून पाहिला. मलाच नीट बसत होता. माझा जीव जळायचा. हॉल झाडताना मी तिचे संवाद पुटपुटायची.

सर समजावून सांगायचे, "कन्फ्यूशियसची शिकवण आहे ही. मुलीनं बापाचं ऐकावं, लग्नानंतर नवऱ्याचं, विधवेनं मुलाचं. वडीलधाऱ्यांपुढे वाकावं. तिथल्या जुन्या नाटकांत थोर बाई म्हणजे अशी."

"अगदी आपल्यासारखंच," काकू म्हणायच्या.

आपल्या म्हणजे कुणाच्या? मावशीच्या घरात आता देव नव्हते, बुद्धाची तसबीर होती. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात हेच सर ओरडायचे, "मराठी माणूस एक!" मीही ओरडायची. घसा बसेपर्यंत.

मग सुमनताईचं लग्न ठरलं. सासरच्यांनी निरोप धाडला, सुनेनं नाटकात तोंड रंगवायचं नाही. प्रयोग तोंडावर आलेला. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"सगळं पाठ आहे ना तुझं? करशील?"

"करते, सर."

झगा माझा. उजेड माझा. टाळ्या माझ्या.

काकूंनी सुस्कारा सोडला. "करू दे बाई. पण पेला रिकामाच हं."

"रिकामाच. प्रेक्षकांना आतलं कुठं दिसतंय?" सर म्हणाले.

मला दिसणार होतं. भरल्या हॉलसमोर मी विनवणार, काकू हवा पिणार, आणि लोक डोळे पुसणार. थोर सून म्हणून.

"चहा भरून द्या," मी म्हणाले. "काकू प्याल्या तर करते."

"डोकं फिरलं का हिचं?" काकू.

"अगं, केवढी संधी देतोय! उपकार विसरलीस?" सर.

"नाही विसरले. पण गुडघे माझे आहेत."

पेला जमिनीवर ठेवला. उठले. सासूनं घेण्याआधीच.

घरी मावशीनं कपाळावर हात मारला. "काम गेलं तं गेलं. पन बये, त्या म्हातारीचं तोंड बगायला मला न्यायाचं होतंस!" ती हसली. मला हसू आलं नाही.

सुनेचं काम दादरच्या एका मुलीला मिळालं. प्रयोगाच्या दिवशी मी हॉलबाहेर उभी राहिले. आतून टाळ्या आल्या. पोटात पेटलं. ती आग अजून विझलेली नाही, आणि मी ती विझवणारही नाही. तो उजेड मला हवाय. वाकून मिळणारा नकोय. बाई ताठ उभी राहून बोलते असं नाटक कुणी देत नसेल, तर मी लिहीन. शाळा चौथीत सुटली. अक्षरं वाकडी येतील. येऊ देत.