नाव न घेता चढायची टेकडी

कुंभकोणमला लोक देवळं बघायला जातात. मी दोर आणि चढाईचे बूट घेऊन गेले. चेन्नईहून निघालेल्या गाडीत शेजारच्या बाईंनी माझ्या पिशवीतली खणखण ऐकून मोडक्या हिंदीत विचारलं, "भांडी?" कातळाच्या भेगेत अडकवायची लोखंडं असतात हे समजावण्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं.

बोलावणं सेतूचं होतं. आम्ही दोघं बंगळुरात एकाच कंपनीत होतो आणि सुट्टीचे दिवस एकाच दोराला बांधून घालवायचो. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात तंजावरी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आता तो घरूनच काम करतो. डिसेंबरात त्यानं फोटो पाठवला. पुदुक्कोट्टैच्या बाजूची उघडीबोडकी टेकडी, खाली गुळगुळीत तिरपा कातळ, मध्ये हात मावेल एवढी उभी भेग, वर पुन्हा तिरपा कातळ. कुणी एक खिळाही ठोकलेला नाही. खाली लिहिलं होतं, "अक्का, येतां कां?" मी लगेच तिकीट काढलं.

पोचल्या दिवशी सेतूच्या आईंनी इडलीबरोबर कडप्पा वाढला. मूगडाळ-बटाट्याचं हे कालवण न खाता कुंभकोणमहून परत आलात तर तुमच्यासारखे करंटे तुम्हीच. मी तिसऱ्यांदा वाढून घेत होते तेव्हा काकूंनी विचारलं, "कोणत्या डोंगरावर जातां?" सेतूनं सांगितलं. त्यांचा वाढता हात थांबला.

"तिथें नांव घेऊन कोणाला हाक मारूं नका हो. आमच्याकडचे कोणी मारीत नाहींत."

"का हो काकू?"

"का म्हणजे? मारीत नाहींत. कडप्पा घ्या."

मला वैताग आला, कारण आमचा नियम नेमका उलटा आहे. खाली उभा असतो तो बिले देतो, म्हणजे कमरेच्या उपकरणातून दोर सोडत राहतो आणि वरचा पडला तर धरतो. वरचा माथ्यावर स्वतःला बांधून घेतो आणि ओरडतो, "अमक्या, पोचलो, बिले काढ!" शेजारी दुसरी जोडी असली तर घोळ नको म्हणून नाव घ्यायचंच. चुकीच्या हाकेवर खालच्यानं बिले काढला तर वरच्याला धरणारं कुणी नसतं. हे सगळं मी सेतूला ऐकवलं. तो म्हणाला, "आईला शब्द दिलों आहे. पोचलां की दोर तीनदां ओढा. हाक नक्को." मी तोंड वाकडं करून कबूल झाले.

उजाडताना गाडी काढली. पापनाशम्, मग तंजावर, मग पुदुक्कोट्टैचा रस्ता. रस्ता चांगला आहे, वाटेत कॉफीला थांबायला ठिकाणं भरपूर. (गाडी-पेट्रोल मिळून पुण्यात दोघांनी सिनेमाला जाण्याइतका खर्च.) भातशेती संपते, लाल माती सुरू होते, ताडाची झाडं दिसायला लागतात आणि मग सपाट रानात अचानक कातळ वर आलेला असतो. लेणी आणि देवळं असलेल्या टेकड्यांवर चढू नका, तिथे मनाई आहे. ही टेकडी तशी नाही. पायथ्याला मातीचे घोडे मांडलेलं गावदेवाचं ठाणं आहे. गावात विचारून, तिथे नमस्कार करून मग आम्ही सामान काढलं. माणूस कुणी नव्हतं. पाखरूही ओरडत नव्हतं, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

आणि मला खोडी सुचली. सेतू बूट घालत होता. मी कातळाकडे तोंड करून, लाडात येऊन हेल काढत ओरडले, "सेतूऽऽ, पोचले रे, बिले काढ!" समोर एवढी मोठी उघडी शिळा, प्रतिध्वनी यायलाच हवा. आला नाही. आवाज कापसात पडावा तसा गेला. सेतूनं उठून माझ्या दोराची गाठ पुन्हा तपासली.

पहिला तिरपा टप्पा सोपा गेला. तळवे कातळावर चिकटवायचे आणि घाई करायची नाही. भेगेत मात्र हात घातला आणि अंगावर काटा आला. जानेवारीतलं ऊन पाठीवर होतं, आणि आतून गार, वटवाघळांचा वास असलेली हवा येत होती. थोडी यायची, थांबायची, पुन्हा यायची. मी मुठी अडकवत, जमेल तिथे कॅम, म्हणजे दोर अडकवायची ती भेगेतली लोखंडं, बसवत वर सरकले. भेगेच्या तोंडाशी शेवटचा कॅम लावला. वरच्या टप्प्यात काहीच लावता येत नव्हतं, आणि तिथून सेतू मला दिसत नव्हता.

माथा दोन-चार पावलांवर असताना उजवा पाय निसटला. पोटावर, कोपरांवर घसरत मी खाली आले. दोर ताणला. कॅम टिकला. मी शिव्या घातल्या, नाव न घेता, आणि पुन्हा चढले. वर खडकाला बांधून घेतलं, दोर तीनदा ओढला. पलीकडून उत्तर यायला फार वेळ लागला.

सेतू वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"अक्का, मघां तुम्हीं हाक मारिलांत?"

"नाही."

"तुमचाच आवाज. सेतूऽऽ, पोचले रे, बिले काढ. तसाच हेल, सकाळीं काढलांत तसाच." तो थांबला. "मी काढूं लागलों होतों. कॅराबिनरचा, कमरेच्या त्या कडीचा, स्क्रू उघडलों होतों. मग वाटलें, नांव घेतलें. अक्का नांव घेणार नाहीं म्हणाल्या होत्या. हात थांबला, आणि झटका बसला."

मी खाली बसले आणि रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मागच्या सोप्या वाटेनं उतरलो. काकूंना आम्ही काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, फक्त मला जवळ घेतलं.

तुम्हाला तिकडे चढायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम, पाणी भरपूर न्या, मुठींना टेप गुंडाळा. मी पुन्हा जाणार नाही. पुण्यात येऊन मी कारणं शोधली: वारा, भेगेतून फिरून उशिरा आलेला आवाज, सेतूची भीती. एखादं खरंही असेल. पण मी तो हेल एकदाच काढला होता, आणि तो परत आला तो नेमका माझा पाय निसटायच्या वेळी.

गेल्या आठवड्यात सेतूला फोन केला. "सेतू, कसा आहेस?" पलीकडे नुसता श्वास. मी दोनदा विचारलं. फोन कट झाला आणि मेसेज आला, "अक्का, तुम्हींच कां?" हो असं लिहिलं आणि मग पुसलं, माझ्या शब्दावर त्यानं का विश्वास ठेवावा? व्हिडिओ लावला. मला पाहून तो हसला, मग त्याचे डोळे भरले. आता आम्ही असंच बोलतो: मी आधी चेहरा दाखवते, आणि तो मान हलवेपर्यंत तोंड उघडत नाही.