गुरुवारी, त्या खोलीत

फोन आला तेव्हा मी गिरणीत दळणाच्या रांगेत होतो. शैला म्हणाली, "रिपोर्ट आलाय. छातीचा कॅन्सर आहे. आणि येताना कोथिंबीर आणा."

आमच्या दोघांत घडलेला असा हा एवढाच किस्सा. बाकीचे सगळे साठले ते नगरमधल्या एका हॉस्पिटलमागच्या खोलीत. ऑपरेशन झालेल्या सात-आठ बायका तिथे दर गुरुवारी जमत. मी शैलाला सोडायचो आणि बाहेरच्या बाकावर पेपर घेऊन बसायचो. बायकांमध्ये आपण कशाला! आतून तिचं हसणं ऐकू यायचं. घरी ती तशी हसत नव्हती.

तीन वर्षं बरी गेली, मग आजार उलटला. तिला जाऊन आता वर्ष झालं. किस्से मला कुसुमताई सांगतात. त्या पारनेरकडच्या, शेती करणाऱ्या, गटात सगळ्यांत जुन्या.

*

ब्लाउजमध्ये घालायला या बायका सुती पॅड शिवत. वजन यावं म्हणून आत बाजरी! कुसुमताईंनी एकदा पॅड धुतलं, ओलंच पिशवीत कोंबलं आणि माहेरी गेल्या. तीन दिवसांनी पाहतात तर मोड आलेले!

गुरुवारी त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं. शैला गंभीरपणे म्हणाली, "कुसुमताई, खुरपायला कधी येऊ?"

शैला? माझ्यासमोर तर ती ऑपरेशनला 'ते' म्हणायची. नुसतं 'ते'!

*

ऑपरेशननंतर आखडलेला हात वर जावा म्हणून भिंतीवर बोटं चढवत न्यायची, पोचतील तिथे पेन्सिलीने रेघ मारायची, पुढे नाव लिहायचं. शैलाची रेघ सगळ्यांत वर. एक दिवस व्यायाम घेणाऱ्या जोशी मॅडमनी पकडलं. बाईसाहेब टाचा उचलत होत्या!

"अगं, शिक्षिका ना तू? जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्यास!"

"मॅडम, पकडता पकडताच शिकले."

घरी मी रोज विचारायचो, "हात कसा आहे?"

"बरा आहे."

*

केस गेले तेव्हा मी पुण्याहून विग आणला होता. चांगला, महागातला. तिने तो कपाटात ठेवला. मला वाटलं, आवडला नाही.

"आवडला न्हाई? सर, आमी सगळ्यांनी घातला की त्यो!" कुसुमताईंनी मोबाईल पुढे केला. फोटोत विग त्यांच्या डोक्यावर, वरून पदर. शेजारी शैला, टक्कल उघडं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतेय.

माझ्याकडे तिचा असा एकही फोटो नाही. "पाठवाल का?" म्हणालो. मागावा लागला, याचाच राग आला.

*

तपासणी जवळ आली की ती घरातले डबे घासायला काढायची. सगळे. मी लोकांना कौतुकाने सांगायचो, "आमच्याकडे स्वच्छतेची फार आवड."

"तपासनीच्या आदल्या गुरवारी बाई लई रडायच्या," कुसुमताई सहज बोलून गेल्या. "तुमाला ठाव असंलच."

मी "हो" म्हणालो.

*

गेल्या आठवड्यात न राहवून विचारलंच. "माझ्याबद्दल काही बोलायची का ती?"

"बोलायच्या? आवो, तुमची जागा धरायच्या की!"

"कसली जागा?"

"एस्टीत धरत्यात तशी! शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकायच्या. कोनी बसाया आलं की, 'सर येणारेत.' दर गुरवारी! आमी चेष्टा करायचो, 'बाई, गाडी सुटली, उचला आता रुमाल!' न्हाई उचलला."

"मग मला कुणी बोलावलं का नाही?"

"मी उठले हुते येकदा. बाईंनी हात धरून बसवलं. म्हनल्या, 'त्यांच्या मनानं येऊ देत.' आन् सर, दार कुटं लावलेलं हुतं? शिंगनापूरच आमचं! कडी न्हाई का कुलूप न्हाई."

बाकापासून दार सहा पावलांवर होतं. मी आत गेलो नाही.