साडभाऊंच्या विमानाला ताप

यंत्र बिघडत नाही, ते आजारी पडतं, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या विदर्भात एकच होता, आणि ते म्हणजे माझे साडभाऊ, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दिग्रसच्या एका कापसाच्या जिनात ते फिटर होते. माझ्याकडे यवतमाळला आले की आधी भिंतीवरच्या घड्याळाची विचारपूस करत, मग माझी. एकदा आमची एस.टी. पुसदच्या वाटेवर बंद पडली. उतारू ड्रायव्हरच्या नावाने खडे फोडत होते, आणि हे बॉनेटवर हात ठेवून हळहळले, "तहानली हो बिचारी!" रेडिएटर खरोखरच कोरडा ठणठणीत निघाला.

साठ सालाच्या आसपासच्या एका उन्हाळ्यात राजूरच्या कोळसा खाणीतल्या एका इंजिनिअरने बदली होऊन जाताना त्यांना खेळण्यातल्या विमानाचं इंजिन दिलं. चिकूएवढं, पण अस्सल डिझेलचं. साडभाऊंनी बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद यांचं विमान केलं, इंजिनावर पत्र्याचं चकचकीत टोपण बसवलं आणि त्यावर लाल रंगात बायकोचं नाव रंगवलं, 'शांता'. दोन लांब दोऱ्या हातात धरून मधोमध उभं राहायचं आणि विमान भोवती फिरवायचं, असा बेत होता. जिनातल्या झाडून साऱ्यांना त्यांनी रविवारचं आमंत्रण देऊन टाकलं. पण इंजिन मिनिटभर गुरगुरायचं, तापून लाल व्हायचं आणि मान टाकायचं. मला कार्ड आलं, 'येथील सर्व कुशल. इंजिनास ताप आहे.'

मी शनिवारीच दिग्रसला पोचलो. ओल्या फडक्याच्या घड्या ठेवून झाल्या होत्या. रॉकेलमधलं एरंडेल वाढवून झालं, सुई सैल करून इंधन जास्त सोडून झालं, पंखा लहान करून झाला. साडभाऊंनी दोन दिवस धड अन्न घेतलं नव्हतं. रविवारी सकाळी शांताताई कणकेच्या हातांनी बाहेर आली.

"अहो, त्या टोपणाले एक भोक नाही. वैशाखात तुमाले बिनखिडकीच्या खोलीत कोंडलं तं?"

साडभाऊंनी टोपणावरच्या लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. म्हणजे त्यांना हे आधीच कळलं होतं!

"भोक पाडलं तं तुह्यं नाव कापल्या जाईन," ते हळूच म्हणाले.

"नावाले वारा कायले लागते? इंजिनाले लागते!" असं म्हणून तिने पत्र्याची कात्री उचलली आणि 'शां'च्या मधोमध चालवली.

संध्याकाळी जिनामागच्या मैदानात विमान उडालं. तापलं नाही, अडलं नाही. इंधन संपेस्तोवर गरगर फिरून साडभाऊ मात्र भोवळ येऊन मटकन खाली बसले. टाळ्या थांबेनात. तेवढ्यात शांताताईने पदर खोचला आणि दोऱ्या मागितल्या. "द्या मले." दुसऱ्या खेपेला ती फिरू लागली, विमान वर चढलं, आणि ती खळखळून हसत सुटली. सगळ्यांच्या माना वर होत्या. साडभाऊंची नव्हती.

"साडभाऊ, विमान वर आहे," मी म्हणालो.

"पाह्यलं मी थे." नजर न हलवता ते पुटपुटले, "बारा वर्सं झाली लग्नाले. ही एवढी हसते, हे मले कोनी सांगतलंच नाही."

ताई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या खेपेला विमान किती वेळ उडालं, ते मला सांगता यायचं नाही. मग मीही वर पाहिलं नाही.